परागंदा पूर्वजाचा शोध

आमच्या घरीं सर्वपित्री अमावास्येस पितरांचीं पानें वाढून झाल्यावर आणखी एक पान वाढीत असत. आजी त्यास 'बंडांतल्या आबांचें पान' म्हणे. हे आबा म्हणजे आमच्या खापरपणजोबांचे वडील बंधु. 1857 सालीं कोल्हापुरांत बंड झालें, त्यांत ते सामील झाले व परत आले नाहींत, एवढीच त्यांची कथा. ते कोठें पडले, पडतांना कोणीं पाहिलें, मागाहून कोणीं निरोप आणला, असे प्रश्न विचारण्याची प्राज्ञा लहानपणीं आम्हांस नव्हती. मोठेपणीं त्यांची गरज वाटली नाहीं. घराण्यांत एक वीर असला तर त्यांत कोणाचें काय बिघडतें ?

शिवाय कथेस इतिहासाचा आधार होता. 31 जुलै 1857 रोजीं कोल्हापुरांत 27 व्या देशी पलटणीनें उठाव केला, डिसेंबरच्या आरंभीं शहरांत पुन्हां उठावणी झाली, आणि महाराजांचे धाकटे बंधु चिमासाहेब यांस इंग्रजांनीं कराचीस नेऊन नजरकैदेंत ठेविलें. तेथेंच 1869 सालीं त्यांचें देहावसान झालें. एवढ्या मोठ्या वादळांत आमच्या खेड्यांतला एक शेतकरी नाहींसा झाला असेल, यांत अशक्य तें काय ? आम्हीही ही कथा आमच्या मुलांस सांगितली होती, व वर्गांत सत्तावनचा धडा शिकवितांना एकदोनदां, संकोचानें कां होईना, तिचा उल्लेखही केला होता.

दोन वर्षांपूर्वीं या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचें आम्हांस ऑस्ट्रेलियांतून पत्र आलें. तो मेलबर्न शहरीं राहतो. त्याच्या शेजारीं मॉरिशस बेटांतून येऊन स्थायिक झालेलें एक कुटुंब आहे, व त्यांतील वृद्ध गृहस्थ आपणांस मराठी म्हणवितात. मराठी बोलणें त्यांस फारसें साधत नाहीं; पण जड ओझें उचलतांना त्यांच्या तोंडून 'चांगभलं' असा शब्द निघतो. तो त्यांच्या वडिलांच्या तोंडीं होता, आजोबांच्याही तोंडीं होता. अर्थ मात्र कोणासच ठाऊक नव्हता. मॉरिशसच्या सरकारी दप्तरांत त्यांच्या मूळ पुरुषाचा जिल्हा 'रत्नागिरी' असा लिहिलेला आहे. म्हणून ते दोन वेळां समुद्र ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यांत आले, गांवोगांव हिंडले, आणि रिकाम्या हातीं परत गेले. "सर, रत्नागिरींत चांगभलं म्हणणारे लोक कोणत्या बाजूस असतात ?" असा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता.

कोल्हापुरच्या वाचकांस येथें कदाचित् हंसूं येईल. आम्हांस मात्र उत्तर तत्काळ सुचलें नाहीं, तें चार दिवसांनीं सुचलें. तें कसें, हें सांगण्यापूर्वीं असा शोध कोणत्या रीतीनें करतात हें सांगणें अवश्य आहे. कारण ती रीत आम्हांस ठाऊक नसती तर पुढचें कांहींच घडलें नसतें.

ऑस्ट्रेलियांत पूर्वजांचा शोध ही घरोघरींची आवड आहे, आणि तिला कारणही तसेंच आहे. 1788 पासून 1868 पर्यंत इंग्रज सरकारनें सुमारें 1 लाख 62 हजार कैदी जहाजांत घालून त्या खंडावर नेऊन सोडले. त्यांच्या मुलांनातवंडांनीं हा डाग दोनतीन पिढ्या झांकून ठेविला. आजा कैदी म्हणून आला असें न म्हणतां तो आपखुषीनें आला असें ते सांगत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वारें फिरलें, आणि त्यांचेच वंशज कैदी पूर्वज अभिमानानें शोधूं लागले. दप्तरांत तो पूर्वज असतो हें खरें, परंतु सरळ हातीं लागत नाहीं. शिक्षा भोगून सुटलेला मनुष्य नांव बदलतो. 1851 सालीं सोनें सांपडलें म्हणतांच खाणींकडे निघून जातो. एका वसाहतींत टाकलेल्या बायकोची गोष्ट दुसऱ्या वसाहतींत काढीत नाहीं. अशा माणसास नांवावरून धरूं गेल्यास तो निसटतो. त्यास धरावें तें जहाजावरून, उंचीवरून, अंगावरच्या वणावरून आणि गोंदणावरून. कैदी पळाल्यास ओळखतां यावा म्हणून सरकारनें हें सारें काळजीपूर्वक टिपून ठेविलें होतें. पळणाऱ्यास पकडण्यासाठीं लिहिलेली पुस्तकें आज पणतवंडांच्या उपयोगीं पडतात, हा मोठा मौजेचा योग आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें आणखी एक मार्मिक गोष्ट लिहिली होती. तिकडे व्हिक्टोरिया वसाहतींत जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1853 पासून सुरू झाली, आणि तेथील मृत्यूच्या दाखल्यांत पुष्कळ माहिती असते: मृताच्या आईबापांचीं नांवें, जन्मस्थान, वसाहतींत काढलेलीं वर्षें, मुलांचीं नांवें. वाचणाऱ्यास वाटतें, आतां शोधावयाचें काय उरलें ? पण दाखला मृताचा असला तरी बोलणारा मृत नसतो. जांवई सांगतो, शेजारी सांगतो, कधीं खाणावळीचा मालक सांगतो. आणि ज्यास जेवढें ठाऊक किंवा सोयीचें, तेवढेंच तो सांगतो. म्हणून तेथील जाणते शोधक दाखला हातीं येतांच प्रथम त्याच्या तळाशीं पाहतात: माहिती देणारा कोण ? कोणीं सांगितलें, कोणीं लिहिलें, कशासाठीं लिहिलें, हीं तीन उत्तरें मिळाल्यावांचून ते पुढें जात नाहींत.

आतां मॉरिशसकडे वळूं. तें बेट ऊंसाचें. 1835 च्या फेब्रुवारींत तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली; परंतु मळेवाल्यांस मजूर हवेच होते, आणि ते हिंदुस्थानांतून करारानें नेण्याचा उद्योग त्यापूर्वींच सुरू झाला होता. 2 नोव्हेंबर 1834 रोजीं 'ॲटलस' नांवाचें जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन तेथें पोंचलें. त्यापुढें कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून मिळून सुमारें साडेचार लक्ष माणसें त्या बेटावर उतरलीं. त्यांपैकीं बहुतेक परत आलीं नाहींत. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी व सावंतवाडीकडचे लोक पुष्कळ होते, आणि घाट उतरून खालीं आलेले देशावरचेही होते. पुरुषास दरमहा 5 रुपये व शिधा असा करार असे. आरंभीं मुदत संपल्यावर फुकट परत येण्याचा हक्क होता. पुढें 1850 नंतर तोही काढून टाकण्यांत आला. पोर्ट लुई बंदरांत ज्या सोळा पायऱ्या चढून हे लोक वर येत, त्या अद्याप आहेत. ती जागा आज 'आप्रवासी घाट' या नांवानें ओळखली जाते, व 2006 सालीं तिची जागतिक वारशांत गणना झाली.

घाटावर येणाऱ्या प्रत्येकास एक क्रमांक मिळे. हा क्रमांक हेंच या शोधाचें खरें सूत्र होय. मनुष्य मळा बदलो, नांव बदलो, लग्न करो, मरो, क्रमांक बदलत नसे. नोंदवहींत क्रमांकापुढें नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गांव व जहाज असे रकाने असत, आणि मागाहून मळ्याचें नांव, लग्न, मृत्यु किंवा मायदेशीं परत जाणें यांची भर पडे. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेल्या आहेत, व वंशज तेथें जाऊन आपल्या पूर्वजाचा उतारा काढून घेतात.

आडनांवाचा रकाना मात्र नव्हता. त्यामुळें आमचीं पाटील, जाधव, चव्हाण हीं नांवें घाटाच्या पायऱ्यांवरच गळून पडलीं, आणि पहिल्या पुरुषाचें जें पाळण्यांतलें नांव तेंच त्याच्या वंशाचें आडनांव झालें. तिकडे आज सखाराम, बाबाजी, गुणू, पांडू हीं आडनांवें आहेत. त्यांतही लिहिणारा कारकून इंग्रजी किंवा फ्रेंच कानाचा. त्यानें ऐकलें तसें लिहिलें. एकाच लक्ष्मणाचे तीन वह्यांत तीन निराळे मनुष्य होतात. जातीच्या रकान्याचीही तीच गत: मुंबईहून आलेल्या पुष्कळांपुढें नुसतें 'मराठा' असें लिहिलेलें आढळतें, मग तो कुणबी असो कीं आणखी कोणी. नव्या देशीं उतरतांना कांहींनीं जुनी जात बंदरावरच ठेविली असेल, तर त्यांस दोष कोण देईल ?

एका गोष्टीनें आम्ही खजील झालों, ती येथेंच सांगतों. त्या परक्या सरकारच्या वहींत प्रत्येक स्त्रीसही स्वतःचा क्रमांक आहे, स्वतःचें नांव आहे, बापाचें नांव आहे. आणि आमच्या घराण्याची वंशावळ सात पिढ्यांची असून तींत एकाही स्त्रीचें नांव नाहीं. आबांची आई कोण, हें आम्हांस आजही सांगतां येत नाहीं. मॉरिशसच्या वहींत आईचें नांव दिलेलें असतें, तरी आमच्याकडे तें पडताळून पाहण्यास कागद नाहीं.

वृद्ध गृहस्थांच्या पूर्वजाचा उतारा आमच्या विद्यार्थ्यानें पाठविला. 1855 सालचें जहाज, वय 22, जिल्हा 'रत्नागिरी', परगण्याच्या जागीं 'पुनाला' अशासारखीं अक्षरें, गांव अवाच्य. सोबत एक छायाचित्रही होतें. 1855 सालीं मजुरांचीं छायाचित्रें काढीत नसत; परंतु 1867 सालीं तेथें असा कायदा झाला कीं करार संपलेल्या जुन्या मजुरानेंही आपलें छायाचित्र लावलेलें तिकीट सदैव जवळ बाळगावें, न बाळगल्यास पोलिसांनीं त्यास धरावें. या जाचाविरुद्ध 1871 सालीं 9,401 जुन्या मजुरांनीं अर्ज केला, आणि अखेर चौकशीसाठीं विलायतेहून आयोग आला. ज्या तिकिटानें त्यांस छळलें, त्याच तिकिटामुळें त्यांचे चेहरे आज पाहावयास मिळतात. आमच्या पुढ्यांतला चेहरा चाळिशीकडे झुकलेल्या माणसाचा होता. डोळे छायाचित्र काढणाऱ्याकडे नसून त्याच्या खांद्यावरून पलीकडे कोठें तरी पाहणारे. आमच्या आत्याबाईंनीं तो पाहतांच "नाक आपल्याच घरचं" असा निकाल दिला. नाकावरून वंश ठरवूं लागल्यास अर्धा पन्हाळा तालुका आमचा भाऊबंद ठरेल, असें आम्हीं त्यांस म्हटलें. त्यांस तें आवडलें नाहीं.

त्या उताऱ्याशीं आमच्या घराण्याचा कांहीं संबंध असेल, अशी त्या वेळीं शंकाही नव्हती. आत्याबाईंचें बोलणें आम्हीं हंसण्यावारी नेलें. चौथ्या दिवशीं चैत्राची यात्रा होती. सासनकाठ्या घेऊन लोक रस्त्यानें चालले होते, गुलाल उधळत होता, आणि 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' हा घोष खिडकींतून आंत येत होता. आम्ही टेबलाशीं तो उतारा घेऊन बसलों होतों, आणि एकदम डोक्यांत प्रकाश पडला. जोतिबाचें देऊळ ज्या डोंगरावर आहे, त्या गांवाचें नांव काय ? वाडी रत्नागिरी ! कोल्हापुरच्या वायव्येस सतराअठरा किलोमीटरांवर, पन्हाळ्याच्या शेजारीं, समुद्राचा वारा जेथें कधीं पोंचला नाहीं असें तें रत्नागिरी. बंदरावर त्या तरुणास कारकुनानें विचारलें असेल, कोठला रे तूं ? आपल्या खेड्याचें नांव या साहेबास काय कळणार, असें वाटून त्यानें पंचक्रोशींतलें मोठें नांव सांगितलें: रत्नागिरी. कारकुनास कोंकणांतला रत्नागिरी जिल्हा ठाऊक होता. त्यानें तो जिल्ह्याच्या रकान्यांत लिहून टाकिला. मग 'पुनाला' म्हणजे पन्हाळा हें उघड झालें. एका रकान्याच्या चुकीनें ते वृद्ध गृहस्थ सह्याद्रीच्या भलत्याच बाजूस हिंडत राहिले.

येथें घाई करूं नये म्हणून एक खुलासा करतों. 'चांगभलं' हा घोष केवळ जोतिबाचा नव्हे. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेंतही तो ऐकूं येतो. कानावर लिहिलेल्या नांवांचा घोळही असाच: पन्हाळ्याजवळचें कोडोली आणि बेळगांवजवळचें कडोली हीं परक्या कारकुनाच्या हातीं एकच होऊन जातात. परंतु घोष, रत्नागिरी व पुनाला या तिन्ही खुणा एकाच डोंगराकडे बोट दाखवूं लागल्या, तेव्हां तिकडे पाहणें प्राप्तच होतें. आणि तिकडे पाहिलें तेव्हां लक्षांत आलें कीं, उताऱ्यांतलें नांव व बापाचें नांव हीं दोन्ही आमच्या वंशावळींत आबांच्या जागीं तशींच जुळतात. आमचें मूळ गांव जोतिबाच्या पायथ्याशीं आहे.

नांवें सामान्य होतीं, त्या काळच्या कोणत्याही आळींत सांपडावींत अशीं. आणि आबा तर सत्तावनच्या बंडांत गेलेले. 1855 च्या जहाजावर ते कसे असतील? हा योगायोग आहे, असें सिद्ध करण्याच्याच हेतूनें आम्ही कागद शोधूं लागलों.

इकडचे कागद म्हणजे काय, हें विद्यार्थ्यांस सांगितलें पाहिजे. सामान्य कुटुंबास पहिला आधार म्हणजे गांवचा जन्ममृत्यूचा नमुना 14, ज्यास लोक कोतवालाचें बुक म्हणतात. शाळेंत नांव घातल्याचा दाखला. जमिनीचीं पाहणीपत्रकें व हक्कनोंदी. यांतला पुष्कळ भाग आमच्या हिशेबास उशीरा सुरू झालेला. त्यापूर्वींसाठीं कोल्हापुरचें पुराभिलेखागार आहे, पुण्याचें आहे, व 1821 सालीं स्थापन झालेल्या दप्तरखान्यांतून वाढलेलें मुंबईचें आहे. तेथें जुने कागद कापडांत बांधून ठेवितात; त्या गांठोड्यास रुमाल म्हणतात. रुमाल सोडला कीं मोडी लिपि पुढें येते. तींत शब्द तोडून लिहीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहींत, आणि 1950 च्या सुमारास ती शाळांतून गेल्यामुळें आज ती वाचणारे थोडे. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हां याच थोड्या लोकांच्या दाराशीं रांगा लागल्या. ज्या लिपीस निरुपयोगी म्हणून टाकिलें होतें, तिच्या एकेका अक्षरावर मुलांची शिक्षणें व नोकऱ्या अवलंबून राहिल्या.

सरकारी दप्तराबाहेरचाही एक आधार या भागांत आहे, तो म्हणजे हेळवी. सुगीनंतर बैल घेऊन हे लोक गांवांत येत, दारांत उभे राहून घराण्याची वंशावळ घडाघडा म्हणून दाखवीत, नवीं नांवें चोपडींत चढवीत आणि धान्य घेऊन पुढें जात. आमच्या घराण्याच्या हेळव्याचा नातू आम्हांस भेटला. त्याच्या चोपडींत आबांचें नांव निघालें, व त्यापुढें 'निर्वंश' असा शब्द. आमच्या चुलतभावास वाटलें, झालें, प्रश्न मिटला. आम्हांस मात्र मेलबर्नचें पत्र आठवलें. माहिती देणारा कोण ? हेळवी कांहीं मॉरिशसला गेला नव्हता. त्यास निर्वंश हा शब्द आमच्याच घराच्या ओसरीवरून मिळाला होता.

पुराभिलेखागारांतल्या रुमालांत आम्हांस आमच्या उपयोगाचें कांहीं मिळालें नाहीं. जें मिळालें तें घरींच मिळालें. चुलतभावाच्या माळ्यावर एक लांकडी पेटी होती. तींत खत, पावत्या, एक जुनें पंचांग आणि वाळवीनें खाल्लेलें एक वाटणीपत्र. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनीं तें दोन बैठकींत लावून दिलें. आरंभींच सन होता, 'खमस खमसैन मयातैन व अलफ'. ही शुहूर सनाची अरबी गणना. खमस म्हणजे पांच, खमसैन पन्नास, मयातैन दोनशें, अलफ हजार, मिळून 1255. त्यांत 599 किंवा, वर्षाच्या ज्या भागांत कागद झाला असेल त्याप्रमाणें, 600 मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. अर्थात् 1854-55. बंडाच्या दोन वर्षें आधीं.

मजकूर थोडा होता. भावांत वडील जो, तो परागंदा झाला, म्हणजे गांव सोडून गेला, ठिकाण लागत नाहीं. सबब त्याची तक्षीम, म्हणजे त्याचा हिस्सा, धाकट्या भावांनीं वहिवाटावा. तो अगर त्याचा वंश परत आल्यास ज्याची तक्षीम त्यास द्यावी. खालीं साक्षी, आणि नांगराच्या निशाण्या.

तो कागद वाचून झाल्यावर खोलींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. बंडांत पडलेला वीर गेला, हें एक. परंतु खरा घाव निराळा होता. वाटणीपत्रांत परत येणाऱ्यासाठीं दार उघडें ठेविलेलें आहे. पुढच्या हक्कनोंदींत तें दार नाहीं. तेथें फक्त धाकट्या भावांच्या मुलांचीं नांवें आहेत. मधल्या काळांत केव्हां तरी परागंदा मनुष्य मृत झाला, आणि मृत झाला तोही अशा ठिकाणीं कीं जेथून वंश परत येण्याचा संभव नाहीं. कोणीं मुद्दाम ही कथा रचली असें आम्ही म्हणत नाहीं. बंडाची गडबड झाली, दोन वर्षांपूर्वीं गेलेला भाऊ आला नाहीं, आईनें कोणास विचारलें असेल, कोणीं तरी तिचें समाधान केलें असेल. शोकांतूनही कथा जन्मते. पण कोणीं सांगितलें आणि कशासाठीं, हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या दाखल्यांस लावावयाचा व आपल्या आजीच्या गोष्टीस लावावयाचा नाहीं, हें आम्हांस बरें वाटेना. ज्या शेताच्या उत्पन्नावर आमच्या आजोबांचें शिक्षण झालें, त्यांत ती तक्षीम होती.

तरीही हे आबा तेच, असें आम्ही शपथेवर म्हणूं शकत नाहीं. नांव, बापाचें नांव, पन्हाळा, रत्नागिरी, घोष आणि सन, एवढें जुळतें. परंतु त्याच सुमारास त्याच नांवाचा व त्याच बापाच्या नांवाचा आणखी एक इसम सातारा जिल्ह्यांतून गेल्याचें त्याच वह्यांत दिसतें, आणि आमच्या बाजूस आबांचें वय, उंची किंवा अंगावरची खूण कोणीं लिहून ठेविलेली नाहीं. पळून गेल्यास ओळखावें म्हणून आम्हीं त्यास कधीं टिपलेंच नव्हतें. चेहऱ्याविषयीं आत्याबाईंचें मत वर दिलेंच आहे.

यंदां सर्वपित्रीस पान वाढलें, तेव्हां काय म्हणावें हा प्रश्न पडला. आमच्या सूनबाईंनीं तो सोडविला; त्या नुसत्या "आबांचं पान" म्हणाल्या. मॉरिशसचे ते वृद्ध गृहस्थ, अद्याप वारले नसतां, पितरांत कसे जेवणार, असा कोणीं तरी विनोद केला, आणि मग ध्यानांत आलें कीं आपण त्यांस घरचेंच धरून चाललों आहों.

ते येत्या चैत्रांत येणार आहेत. जोतिबाच्या डोंगरावर जाऊन तो शब्द एकदां मोठ्यानें ऐकावयाचा, एवढीच इच्छा त्यांनीं लिहिली आहे. जमिनीचा उल्लेखही नाहीं. वाटणीपत्राची छायाप्रत त्यांस पाठविणें आम्हांस अवश्य वाटलें, व सोबत इंग्रजींत अर्थ लिहून दिला. परागंदा या शब्दाचा अर्थ सहज लिहितां आला. तक्षीम या शब्दाशीं मात्र आम्ही अडलों. तेवढें एक वाक्य तीन वेळां लिहून खोडलें. चुलतभाऊ म्हणाला, तो शब्द गाळला तरी चालेल, त्यांस मोडी कोठें येते ? चौथ्या वेळीं तो शब्द आम्हीं जसा होता तसा, पूर्ण अर्थासह लिहिला, आणि पाकीट त्याच्याच हातीं देऊन त्यास टपालांत टाकावयास पाठविलें.